दुसऱ्या ओंडक्याचा चमत्कार

"पाणी काहीही विसरत नाही!" लेअँडर फान झोमरेन यांनी दोन्ही हात वर करून सांगितलं. "तुम्ही विसराल, मी विसरेन, इतिहाससुद्धा विसरेल. पण प्रत्येक थेंबाला आपला पहिला ढग आठवतो!"

वेस्टरडीपच्या गावसभागृहात जमलेल्या मंडळींच्या अंगावर काटा आला. कुणीतरी कॉफीचा कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता.

"आणि आता," लेअँडर म्हणाले, "माझा चष्मा कुणी पाहिलाय का?"

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. पहिल्या रांगेतल्या फोक्कोने तो दाखवून दिला. हाही एक दृष्टांतच असावा अशा समजुतीने दोघातिघांनी मान डोलावली.

शेवटच्या रांगेत बसलेल्या वुब्बो हाइझिंगाने मात्र मान डोलावली नाही. वुब्बो हा गावचा निवृत्त दंतवैद्य. अर्ध्या गावाला त्याने आयुष्यभर 'तोंड उघडा, आणखी उघडा' असं विनवलं होतं. आज सगळी तोंडं न सांगता उघडी पडलेली पाहून त्याला वाटलं, हा माणूस आपल्याला आधी भेटता, तर भूल देण्याचा खर्च वाचला असता.

या देशात कुणाला 'बुवा' म्हणायची पद्धत नाही. पण बुवा कुठल्याही देशात बुवाच दिसतो, तेव्हा आपण त्यांना लेअँडरबुवाच म्हणू. पूर्वी बुवा खिडक्यांचे पडदे विकत असत. ज्या गावात पडदा ओढला की शेजारी 'घरात कोण आजारी आहे?' म्हणून विचारायला येतात, तिथे पडदे विकून पोट भरणं कठीणच. मग त्यांना एके दिवशी पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

वेस्टरडीपच्या खिडक्या उघड्या, आणि बहुतेक खिडक्यांच्या आत काचेची टाकी. टाकीत मासे असतात, पण ते निमित्तमात्र. खरा मान वनस्पतींचा. लाल, पोपटी, गर्द हिरव्या पाण्याखालच्या रोपट्यांच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या रांगा. दर शरद ऋतूत जिल्ह्याचा परीक्षक घरोघर येतो, टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो, आणि गुण देतो. तेव्हा टाकीत शेवाळ असणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या नाकाला काजळ असणं. यंदा तर गावभर काळ्या दाढीसारखं चिवट शेवाळ माजलं होतं. खरवडून निघेना, उपटून निघेना. म्हणून 'वेस्टरडीप जलवनस्पती मंडळा'ने लेअँडरबुवांना बोलावलं होतं.

बुवांनी सभागृहातल्या मंडळाच्या टाकीसमोर मांडी घातली. आत दोन ओंडके होते, दोन्ही काळ्या दाढीने माखलेले.

"फिल्टर बंद करा. पाण्याला ध्यानाला बसू दे."

फिल्टर बंद झाला. बुवांनी झोळीतून एक तपकिरी बाटली काढली.

"ही बाटली तपकिरी का?"

"का?" फोक्कोने विचारलं.

"कारण हे जल निद्रेत आहे. उजेडाने त्याची झोपमोड होते. आता कुणी बोलायचं नाही. शंका तर मनातसुद्धा आणायची नाही. शंकेने पाणी दुखावतं."

काचेच्या पिचकारीने त्यांनी ते जल पहिल्या ओंडक्यावर हळूहळू सोडलं. आणि काय सांगावं! काळ्या शेवाळाच्या केसाकेसातून मोत्यांसारखे बुडबुडे सुटले, आणि चांदीच्या साखळ्यांसारखे वर चढू लागले.

"श्वास घेतंय!" फोक्को पुटपुटला.

"रडतंय," बुवांनी दुरुस्ती केली. "शेवाळ म्हणजे घरातलं न बोललेलं दुःख. ते आता मोकळं होतंय."

वुब्बोचं लक्ष बुडबुड्यांकडे नव्हतं. बुवांच्या बोटांच्या टोकांकडे होतं. ती खडूत बुडवल्यासारखी पांढरीफटक होती.

"बोटांना काय झालं हो?" त्याने मागून विचारलं.

"उजेड," बुवा डोळे मिटून म्हणाले. "आतून बाहेर पडतो."

दातांना चकाकी आणायला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नादात वुब्बोच्या स्वतःच्या बोटांतूनही असा उजेड अनेकदा बाहेर पडला होता. हातमोजे घालायला विसरलं की पडायचाच.

आठवडा संपता संपता पहिल्या ओंडक्यावरचं काळं शेवाळ गुलाबी झालं, मग फिकट, मग टाकीतल्या गोगलगायींनी ते खाऊन टाकलं. गावाने तोंडात बोटं घातली. मंडळाच्या अध्यक्षा त्रिन्चे बुलेमा यांनी रीतसर सभा बोलावली, चमत्कार मतदानाला टाकला, आणि तो बहुमताने मंजूर झाला. विरोधात एक मत, दंतवैद्यांचं. त्रिन्चेबाईंनी ते नोंदवून घेतलं, कारण विरोधी मत नोंदवणं हा त्यांचा धर्म होता. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्कीट देऊन डबा घट्ट लावणं हा दुसरा.

मग बाटल्या घरोघर गेल्या. देणगी ऐच्छिक होती. फक्त तिचा आकडा ठरलेला होता.

पुढच्या आठवड्यात त्याहून मोठी गोष्ट घडली. दुसऱ्या ओंडक्यावरचं शेवाळही गुलाबी पडलं! त्याला तर बुवांनी हातही लावला नव्हता.

"मला कळलंच होतं," पुढच्या सभेत बुवा म्हणाले. "मी घरी अंघोळ करत होतो. अचानक दुसऱ्या ओंडक्याने हाक मारली. मी तिथूनच कृपा पाठवली."

"नळ चालू होता का तेव्हा?" फोक्कोने भक्तिभावाने विचारलं.

"अर्थात."

"म्हणजे नळातून गेली!" फोक्कोने सर्वांकडे वळून खुलासा केला, आणि दुसरा चमत्कारही मंजूर झाला. या खेपेला वुब्बोने विरोधही केला नाही. त्रिन्चेबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बिस्किटांचा डबा लावून टाकला.

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती हार्मकेच्या दारात.

हार्मके ही रूल्फची बायको, आणि रूल्फ हा वुब्बोचा शाळेपासूनचा दोस्त. रूल्फ वसंतात गेला. त्याची टाकी गावातली सगळ्यांत जुनी. तळाशी नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेले, वीतभर लांबीचे म्हातारे मासे. दिवसभर तळाशी पडून राहायचं आणि फक्त खायच्या वेळी वर यायचं, म्हणून रूल्फ त्यांना 'संचालक मंडळ' म्हणायचा. टाकीच्या लाल रोपट्यांवर, ओंडक्यावर, काचेवरसुद्धा आता काळी दाढी चढली होती.

"शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना बोलावलंय," हार्मके दारातच म्हणाली. "लेअँडर येणार आहेत. अख्खी बाटली एकदम ओतायची. ते म्हणतात, हे रूल्फचं दुःख आहे. त्याला काहीतरी सांगायचं राहून गेलंय."

"रूल्फचं? हार्मके, रूल्फला काही सांगायचं असलं की तो बोंब मारायचा. शेवाळातून कशाला सांगेल?"

"चेष्टा करू नकोस."

"अख्खी बाटली ओतलीस तर मासे मरतील. त्यांचे कल्ले भाजून निघतील. हे साधं औषध आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. माझ्या दवाखान्यात बरण्याच्या बरण्या होत्या!"

"शनिवारी परीक्षक येतोय, वुब्बो," ती म्हणाली. "मी रूल्फच्या नावाने टाकी स्पर्धेला लावलीय. शेवटची एकदा. आणि येणारे जाणारे खिडकीतून बघतात आणि माना हलवतात. माझा नवरा गेला, मी मान खाली घातली नाही. पण ही टाकी बघून खाली जाते."

"म्हणून त्याचे मासे मारायचे?"

"तू दात बघ," हार्मके म्हणाली. "पाण्याचं मी बघते." आणि दार लागलं.

शुक्रवारी हार्मकेच्या दिवाणखान्यात वाढदिवसाला मांडतात तशा गोल खुर्च्या मांडल्या होत्या. खिडकीबाहेर चौघेजण सायकली थांबवून आत बघत उभे होते. टाकीचा फिल्टर बंद होता. बुवांनी बाटलीचं झाकण काढलं.

"मित्रांनो, आज रूल्फ बोलणार आहे."

"अध्यक्षा," वुब्बो उठला, "मला काही विचारायचंय."

"प्रश्नोत्तरं शेवटी," त्रिन्चेबाई म्हणाल्या. "नेहमी शेवटीच असतात."

"शेवटी विचारलं तर उत्तर ऐकायला मासे उरणार नाहीत. माझा प्रस्ताव आहे, आज प्रश्नोत्तरं आधी घ्यावीत."

अशी मागणी वेस्टरडीपच्या इतिहासात कुणी केली नव्हती. मतदान झालं. काही हात वर, काही खाली. निकाल अडला तो फोक्कोवर. फोक्कोने आपल्या कपात पाहिलं.

"माझी कॉफी अजून अर्धी आहे," तो म्हणाला, आणि हात वर केला.

"मंजूर," त्रिन्चेबाई म्हणाल्या. "वुब्बो, आटोपशीर."

"हार्मके, तीन कप आण. एकात नळाचं पाणी. एकात हे, मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणलंय, जखमा धुवायचं." त्याने खिशातून एक बाटली काढली. तीही तपकिरीच होती. "तिसऱ्यात लेअँडरांच्या बाटलीतलं. स्वयंपाकघरात जाऊन तूच भर. कुठल्या कपात काय, ते तुलाच ठाऊक असू दे. लेअँडर पाणी ऐकतात ना? त्यांनी आपलं ऐकून ओळखावं."

बुवा हसले. "पवित्र जल कॉफीच्या कपात घाबरतं."

"ऐका की," हार्मके शांतपणे म्हणाली. "तुम्ही ऐकणारेच आहात ना."

तिच्या स्वरात शंका नव्हती, श्रद्धाच होती. बुवांना त्यामुळे नाही म्हणता येईना. तीन कप आले. तिन्हींतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. बुवांनी पहिल्या कपाला कान लावला, दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला लावताना कानाची पाळी बुडाली.

"हा!" दुसरा कप उचलून ते म्हणाले. "यात पहिला ढग स्पष्ट ऐकू येतोय. हेच माझं जल."

हार्मकेचा चेहरा पडला.

"आता बटाटा," वुब्बो म्हणाला.

"बटाटा?" फोक्को दचकला.

"कच्चा. उद्याच्या जेवणासाठी सोललेले असतीलच." या भागात बटाटा नाही असं स्वयंपाकघर सापडणं कठीण. वुब्बोने तीन फोडी केल्या आणि तीन कपांत टाकल्या.

बुवांनी निवडलेल्या कपात फोड बुडाली आणि तळाशी जाऊन स्वस्थ पडली. पहिल्या कपात फोडीभोवती पांढरा फेस जमला, आणि सभ्यपणे काठापर्यंत येऊन थांबला. तिसरा कप मात्र फसफसला, उतू गेला, बशी भरली, हार्मकेच्या मेजावरच्या कापडावर सांडला.

"बघा!" बुवा घाईने म्हणाले. "बटाट्याचं दुःख!"

"बटाट्याला कसलं दुःख?" त्रिन्चेबाईंनी विचारलं.

"कापल्याचं असेल," फोक्को म्हणाला.

"आणि तुमच्या कपातला बटाटा एवढा आनंदात का?" वुब्बोने विचारलं. "हार्मके, सांग. यांनी निवडलेल्या कपात काय आहे?"

"नळाचं पाणी," हार्मके म्हणाली. तिला ते सांगताना त्रास झाला.

"आणि उतू गेला तो?"

"यांच्या बाटलीतलं."

बाहेरच्या चौघांना ऐकू येत नव्हतं, पण कापडावरचा फेस दिसत होता. त्यांनी नाकं काचेला लावली.

"कच्च्या बटाट्यात," वुब्बो म्हणाला, "आणि शेवाळात, आणि आपल्या कातडीतसुद्धा, एक द्रव्य असतं. पेरॉक्साइड त्याला भेटलं की फुटतं. त्याचं पाणी होतं आणि प्राणवायूचे बुडबुडे सुटतात. शेवाळ त्यात भाजतं, गुलाबी होतं, मरतं. बाटली तपकिरी, कारण उजेडात हे औषध खराब होतं. फिल्टर बंद, कारण नाहीतर ते ओंडक्यावर न थांबता टाकीभर पसरेल. बोटं पांढरी, कारण यांच्या बाटलीतलं औषध दुकानातल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. बटाट्यानेच दाखवलं ते. ते अख्खं ओतलं असतं, तर उद्या परीक्षकाला मासे तळाशी नव्हे, वर तरंगताना दिसले असते."

"आणि शांत बसायचं ते?" फोक्कोने विचारलं. "शंका आणायची नाही ते?"

"त्याला रसायनशास्त्रात काही कारण नाही. ते फक्त तुम्ही हाच प्रश्न विचारू नये म्हणून."

"थांबा, थांबा," फोक्को अजून सोडायला तयार नव्हता. "मग दुसरा ओंडका? यांनी त्याला हातही लावला नव्हता! तो गुलाबी कसा झाला?"

"मी केला. पहिला चमत्कार मंजूर झाल्यावर टाकी साफ करायची माझी पाळी आली ना, त्या दुपारी. थोडंसं हेच दुकानातलं औषध, पिचकारीने. मंत्र येत नव्हता, म्हणून फुटबॉलचे निकाल मोठ्याने वाचले. त्यातही आपण हरलो होतो. शेवाळाला काही फरक पडला नाही."

"पुरावा काय?" बुवा गरजले. आता ते पडदे विकणाऱ्यासारखेच गरजत होते.

"मी," त्रिन्चेबाई म्हणाल्या. "मी बॅटरी धरून उभी होते."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"त्रिन्चे!" फोक्को ओरडला. "म्हणजे आपण दुसरा चमत्कार मंजूर केला तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"विषयपत्रिकेवर नव्हतं," त्रिन्चेबाई म्हणाल्या. "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू नळाबद्दल विचारलंस."

फोक्कोने उरलेली कॉफी एका घोटात संपवली. कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं, आणि हसू गोल खुर्च्यांमधून फिरत फिरत बुवांपर्यंत येऊन थांबलं. तोवर बुवा बाटलीचं झाकण लावून ओव्हरकोटात शिरले होते. "या घरात पाण्याला प्रेम नाही," असं जाहीर करून ते निघाले. कुणी अडवलं नाही. दार मात्र हार्मकेनेच उघडून दिलं. पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं असतं, मग तो कसाही असो.

परत येऊन ती टाकीसमोरच्या स्टुलावर बसली.

"म्हणजे हे रूल्फचं नाही," ती म्हणाली.

आता मात्र वुब्बोला शब्द सापडेनात. जिंकलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत तेव्हाच तो जरा बरा वाटतो.

"हार्मके, टाकीचा दिवा किती वेळ चालू असतो?"

"मी उठल्यापासून झोपेपर्यंत. तो कोपरा अंधारा झालेला मला बघवत नाही."

"आणि खायला किती वेळा घालतेस?"

"दोनदा. सकाळी रूल्फ घालायचा ते, आणि संध्याकाळी माझं. त्याचं मी बंद केलं नाही."

"रूल्फ सकाळी घालायचा, तेव्हा तू संध्याकाळी घालत नव्हतीस. तू त्याला ओरडायचीस, मासे लठ्ठ होतील म्हणून."

हार्मकेने टाकीच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

"जास्त उजेड आणि जास्त अन्न. शेवाळ त्यावरच माजतं. दुःख तुझं आहे, खरंच आहे. पण ते ओंडक्यावर उगवत नाही. दिवा अर्धा दिवस ठेव, एकदा खायला घाल. ओंडक्यावरचं मी उद्या सकाळी थोड्या थोड्या औषधाने काढायला सुरुवात करतो. परीक्षक येईल तेव्हा टाकी काळीच असेल. गुण कमी पडतील."

"पडू देत," हार्मके म्हणाली. "मासे जिवंत असतील ना?"

"असतील."

"मग लागू देत नावापुढे कमी गुण. रूल्फला शाळेतही कमीच पडायचे."

फोक्कोने उठून फिल्टरची कळ दाबली. पाणी हललं. वुब्बोला भरून आलं. एवढी माणसं, एवढे कान, आणि सगळी तोंडं बंद, अशी संधी त्याला आयुष्यात प्रथमच मिळत होती. तो टाकीकडे पाठ करून उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "आपण वेडे नाही. आपण थकलेले असतो, लाजलेले असतो, एकटे असतो, आणि तेवढ्यात कुणीतरी बाटली घेऊन येतो. तेव्हा एवढंच करा. बाटलीत काय आहे ते विचारा. 'विचारू नका' म्हणणाऱ्याला दोनदा विचारा. एका टाकीत औषध घाला, दुसरीत घालू नका, आणि मग बघा. जो म्हणतो, माझं औषध शंकेने दुखावतं, त्याला सांगा, खरं औषध शंकेला घाबरत नाही. पेरॉक्साइड माझ्या शिव्या ऐकूनही काम करतं. विचार करायला पदवी लागत नाही, परवानगी लागत नाही, विषयपत्रिकाही लागत नाही! आणि माझं तर म्हणणं आहे, की उद्या या गावातल्या प्रत्येक घराने—"

"वुब्बो," हार्मके म्हणाली.

"हं?"

"जरा बाजूला सरक ना. संचालक मंडळ वर आलंय, आणि तू समोर उभा आहेस."